मुलांच्या सरकारी भत्त्याला उत्पन्नाची अट हवी की नको?

कोपऱ्यातला_वाचक:
ज्यांना गरजच नाही त्यांना मुलांचा भत्ता कशाला, पैसा शेवटी टॅक्सचाच ना? उत्पन्नाची मर्यादा लावली की विषय संपला. काय चुकतंय माझं?

आकडेमोड:
विषय तिथेच सुरू होतो राव. ब्रिटनने २०१३ मध्ये ५०,००० पौंडांच्या वर कमावणाऱ्यांकडून भत्ता टॅक्समधून परत घ्यायला सुरुवात केली, २०२४ ला मर्यादा ६०,००० केली, पण बघतात एकाच व्यक्तीची कमाई, म्हणजे नवरा-बायको ५९-५९ हजार कमावत असतील तर पूर्ण भत्ता आणि एकटी आई ८० हजार कमावत असेल तर शून्य. आता बोला.

निवांत:
मग घराचं एकत्र उत्पन्न बघा की!

आकडेमोड:
बघा ना, पण दोघांचे कागद, तपासणी, त्याला स्टाफ, हा खर्च कुणी धरतच नाही. आणि अट एकदम कडक असली तर मर्यादेजवळचा माणूस ओव्हरटाइमच नाकारतो, वाढीव पगारापेक्षा भत्ता जास्त जायला लागला तर कोण करेल?

तिरकस:
पोलंडने २०१६ ला पहिल्या मुलासाठी अट ठेवली होती, २०१९ ला काढून टाकली. खर्च वाढतो, उघड आहे. तरी सगळ्यांना द्या आणि श्रीमंतांकडून टॅक्समधून वसूल करा हेच मला बरं वाटतं, कारण फॉर्म आणि दाखल्यांच्या भानगडीत खरा गरजूच गळतो (श्रीमंताचा सीए असतो हो).

कोपऱ्यातला_वाचक:
अर्धं पटलं. पण श्रीमंतांकडून टॅक्स वसूल होतोच हे तुम्ही धरूनच चाललाय, तो सीए त्यासाठीच तर ठेवलेला असतो!