९ एमएम १ए पिस्तूल: जमेच्या बाजू कोणत्या, कच्चे दुवे कोणते?

माळरान
ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचं ९ एमएम १ए पिस्तूल, म्हणजे मुळात ब्राउनिंग हाय-पॉवर, याबद्दल नेमकी माहिती हवी आहे. कुणी म्हणतं याच्याइतकं भरवशाचं पिस्तूल झालं नाही, कुणी म्हणतं ते आता संग्रहालयात शोभेल. मोघम मतं भरपूर वाचली. यंत्रणा कुठे भक्कम आहे, कुठे कच्ची आहे आणि अडतं तेव्हा कशामुळे अडतं, एवढं कुणी सांगेल का? घेण्याचा प्रश्न नाही, ९ एमएम पॅराबेलम आपल्याकडे नागरिकांसाठी प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं. फक्त समजून घ्यायचं आहे.

तिरकी खाच
मॅगझिनपासून सुरुवात करतो, कारण या पिस्तुलाचं मोठेपण तिथे आहे. १३ काडतुसं दोन ओळींत एकाआड एक बसतात आणि वर ओठांपाशी येईपर्यंत त्यांची एक ओळ होते. त्या काळातल्या अमेरिकन १९११ नावाच्या पिस्तुलात .४५ ची ७ मावायची. जॉन ब्राउनिंग १९२६ मध्ये लिएजला वारले तेव्हा रचना अर्धवट होती. ती एफएन या बेल्जियन कारखान्यातल्या द्योदोने सैव्ह यांनी पूर्ण केली आणि १९३५ मध्ये बेल्जियमच्या सैन्याने पिस्तूल स्वीकारलं. दोन ओळी असूनही मूठ जाडजूड वाटत नाही. मध्यम हाताच्या माणसालाही ती पूर्ण कवेत येते आणि मनगट सरळ ठेवलं की माशी (नळीच्या टोकाकडची नेम धरायची खूण) आपोआप डोळ्यासमोर येते. हा गुण आजच्या कितीतरी पिस्तुलांत नाही.

दुसरी जमेची बाजू म्हणजे लॉकिंग. नळीच्या पाठीवर दोन आडव्या कडा आहेत, त्या स्लाइडच्या (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) आतल्या खाचांत अडकतात. गोळी सुटली की नळी आणि स्लाइड जोडीने थोड्या मागे सरकतात. मग नळीच्या पोटाखालच्या कानातली तिरकी खाच फ्रेममधल्या आडव्या पट्टीवरून घसरते, नळीची मागची बाजू खाली ओढली जाते आणि स्लाइड एकटी मागे जाते. १९११ पिस्तुलात हे काम एक हलती कडी करायची. इथे ती कडी नाही आणि तिची पिनही नाही, म्हणजे झिजून तुटणारे दोन सुटे भाग कमी. नंतरच्या बहुतेक ९ एमएम पिस्तुलांनी नळी खाली ओढायची हीच युक्ती उचलली.

आणखी एक सोय. आपल्या ९ एमएम कार्बाइनचं काडतूसही हेच, ९ बाय १९. दोन हत्यारांना एकच दारूगोळा पुरवायचा असेल तर रसद किती सोपी होते ते वेगळं सांगायला नको.

पहारा
लॉकिंगबद्दल दुमत नाही. पण हातात धरून वापरायचं हत्यार आहे, आणि हात जिथे जिथे लागतो तिथेच ते मागे पडतं.

पहिली गोष्ट सेफ्टी. जुन्या नमुन्यातली खुंटी फक्त डाव्या बाजूला, अंगठ्याच्या टोकाएवढी, तीही फ्रेमला चिकटलेली. हातमोजा असेल किंवा घामाने अंगठा सरकत असेल तर ती खाली करताना चुकते. पिस्तूल सिंगल ॲक्शन, म्हणजे पहिल्या गोळीसाठी घोडा (मागचा हॅमर) चढवलेला हवाच. मग पर्याय दोनच उरतात. घोडा चढवून सेफ्टी लावून बाळगायचं, किंवा चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) रिकामं ठेवून गरज पडली की स्लाइड ओढायची. त्या खुंटीवर भरवसा नाही म्हणून दुसरा पर्याय निवडला जातो, आणि तिथे दुसरा हात मोकळा लागतो. जिन्यात, गाडीत, कुणाला ओढून बाजूला काढताना तो मोकळा नसतो.

दुसरी गोष्ट चाप. चापात एक छोटा प्लंजर आहे, तो मॅगझिनच्या पुढच्या भिंतीवर टेकतो. मॅगझिन काढलं की प्लंजर मागे, त्या मोकळ्या जागेत येतो, चापाची उभी दांडी स्लाइडमधल्या लिव्हरच्या खालून सरकते आणि चाप दाबूनही घोडा पडत नाही. हेतू चांगला, पण दर वेळी चाप ओढताना प्लंजर मॅगझिनवर घासतो. त्यामुळे चाप जड आणि खरखरीत लागतो, नेम हलतो. याच प्लंजरच्या दाबामुळे बटण दाबल्यावर मॅगझिन स्वतःहून खाली पडत नाही, हाताने ओढावं लागतं.

तिसरी सगळ्यात गंभीर. मार्क ३ या हाय-पॉवरच्या नंतरच्या नमुन्यात एफएनने फायरिंग पिन अडवणारी सेफ्टी घातली. १ए चा नमुना युद्धकाळातल्या कॅनडाच्या इंग्लिस पिस्तुलाचा, त्यात ती नाही. चेंबर भरलेलं पिस्तूल नळीवर जोरात आपटलं तर पिन स्वतःच्या वजनाने पुढे जाऊ शकते. ब्रिटिश सैन्याने २०१३ मध्ये हाय-पॉवर सोडून ग्लॉक १७ घेतलं. तिथे पिनची सेफ्टी आतच आहे, मॅगझिन १७ चं आहे आणि वजनही कमी. मला वाटतं १ए ला आघाडीच्या कामातून आता निवृत्ती द्यावी.

ग्रीस नको
पहारा यांचा तिसरा मुद्दा शंभर टक्के मान्य. माळरान, तुमचा "कशामुळे अडतं" हा प्रश्न मात्र राहिला.

बहुतेक स्टॉपेज, म्हणजे अडणं, मॅगझिनमधून येतात. ओठ जरासे फाकले तर काडतूस तिरकं वर येतं आणि रॅम्पवर (चेंबरकडे जाणाऱ्या उतारावर) नाक घासतं. स्प्रिंग ढिली पडली तर शेवटची दोन-तीन काडतुसं वेळेवर वर येत नाहीत, आणि शेवटची गोळी सुटल्यावर स्लाइड मागे थांबायची ती पुढे जाते. बाजूला चेपलं असेल तर फॉलोअर (काडतुसं वर ढकलणारी पट्टी) मध्येच अडतो. म्हणून प्रत्येक मॅगझिनवर नंबर टाकावा. त्याच नंबरवर दुसऱ्यांदा अडलं की ते बाजूला काढावं, पिस्तूल खोलत बसू नये.

रिकामी पुंगळी पोर्टमध्ये (ती बाहेर पडायच्या खिडकीत) उभी अडकत असेल तर एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळी ओढून काढणारं नख, बघा. नखाखाली पितळेचा चुरा आणि जळकी काजळी साचते. टोकदार लाकडी काडीने ती काढली की बरेचदा काम होतं. एफएनने १९६२ पासून बाहेरचा एक्स्ट्रॅक्टर दिला, त्याआधीच्यांत तो आत असतो. उजव्या अंगाला पोर्टच्या मागे पट्टी दिसते का, यावरून ओळखता येतं.

काडतुसाच्या बुडावर पिनचा ठसा उथळ पडला, गोळी सुटली नाही, तर पिनच्या बोगद्यात तेल साचलेलं असतं. तेलाला धूळ चिकटते, त्याचा लगदा होतो आणि पिन मंदावते. तो बोगदा कोरडाच ठेवायचा. तेल लागतं ते चार ठिकाणी, थेंबभरच: स्लाइडच्या दोन्ही पन्हळी, नळीच्या पाठीवरच्या कडा आणि खालची तिरकी खाच.

रिकॉइल स्प्रिंगकडे (स्लाइड परत पुढे आणणारी) लोक फार उशिरा बघतात. मूळ स्प्रिंग साधारण १७ पौंडांची, म्हणजे पावणेआठ किलो. ती मवाळ झाली की स्लाइड फ्रेमवर आपटते, आडवी पट्टी आणि नळीचा कान दोन्ही मार खातात. पुंगळ्या नेहमीपेक्षा लांब उडायला लागल्या की स्प्रिंग बदलायची वेळ झाली. स्प्रिंग स्वस्त, फ्रेम महाग.

माळरान
खूप आभार, हेच हवं होतं. दोन शंका. स्लाइड ओढायला फार जड जाते असं वाचलं, ते का? आणि खोलून परत जोडताना स्लाइड स्टॉप (स्लाइड मागे अडवून धरणारी खिट्टी) बसत नाही अशी तक्रार दिसते.

ग्रीस नको
जड जाते कारण दोन स्प्रिंगांशी झुंज असते. घोडा खाली असेल तर स्लाइड मागे येता येता घोडाही चढवते, आणि घोड्याची स्प्रिंग रिकॉइल स्प्रिंगच्या जवळजवळ दुप्पट कडक. नळी सुरक्षित दिशेला ठेवून आधी अंगठ्याने घोडा चढवा, मग स्लाइड ओढा. निम्मा जोर लागतो.

खोलताना आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे घेऊन चेंबर डोळ्यांनी आणि करंगळीने तपासायचं. मग सेफ्टी स्लाइडच्या पुढच्या खाचेत वर अडकवायची, स्लाइड स्टॉपची पिन उजवीकडून ढकलून डावीकडे काढायची. सेफ्टी खाली केली की स्लाइड पुढून सुटते.

जोडताना चूक होते ती स्प्रिंगच्या दांड्यात. त्याच्या डोक्यात एक बारीक गोळी आहे, मागे छोटी स्प्रिंग. स्लाइड स्टॉपच्या पिनवरची खाच त्या गोळीवर टक्कन बसायला हवी. दांडा थोडा फिरलेला असेल तर भोक समोर येत नाही आणि लोक स्टॉपवर ठोकतात. ठोकू नका. स्लाइड उतरवा, दांडा फिरवून त्याचं भोक सरळ आडवं आणा, स्लाइड परत चढवा, उजव्या बाजूने डोळा लावून आरपार उजेड दिसतो का बघा. दिसला की पिन बोटाच्या दाबानेच आत जाते.