ख्यालाच्या नव्या अल्बमवर लिहिण्याआधी तो कसा ऐकावा? सल्ला हवा आहे

सायंराग, नाशिक
आमच्या संगीत मंडळाच्या त्रैमासिकासाठी नव्या अल्बमांची परीक्षणे लिहिण्याचे काम या वर्षीपासून माझ्याकडे आले आहे. पहिलाच अल्बम एका तरुण गायिकेचा असून त्यात भूप, बागेश्री, दरबारी आणि शेवटी भैरवी आहे. एकही राग नऊ मिनिटांपलीकडे जात नाही. बसच्या प्रवासात इअरफोनवर ऐकताना तो मला फार भावला. घरी स्पीकरवर ऐकला तेव्हा मात्र बागेश्री संपेपर्यंत कान थकले आणि सगळे गाणे एकाच पट्टीत, एकाच जोराने चालले आहे असे वाटू लागले. यांपैकी कोणत्या अनुभवावर विसंबून लिहावे, आणि तुलनेसाठी आधी काय ऐकून घ्यावे? मी गाणे शिकलेली नाही, ऐकत मात्र लहानपणापासून आले आहे.

मंद्रसप्तक
सायंरागताई, नऊ मिनिटांत राग मांडता येत नाही, असे कृपया लिहू नका. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावत असे. अब्दुल करीम खाँसाहेबांचे झिंझोटीतील ‘पिया बिन नाही आवत चैन’ तेवढ्याच वेळात गायलेले आहे, आणि तीच तबकडी ऐकून गदगचा लहानगा भीमसेन गुरूच्या शोधात घराबाहेर पडला. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेली केसरबाई केरकरांची भैरवीही साडेतीन मिनिटांचीच आहे. तेव्हा वेळ थोडा असताना गायिकेने काय ठेवले आणि काय गाळले, हे पाहावे. तबकडीसाठी गाणारे थोर गायक आधीपासूनच आटोपशीर मांडणी योजून येत. आज पुष्कळदा पाऊण तासाचाच ख्याल थोड्या वेळात घाईने आटोपलेला ऐकू येतो, म्हणजे दोन आवर्तने (तालाच्या फेऱ्या) आलापी, लगेच सरगम आणि लगेच ताना.

भूप ऐकताना गायिका कोणत्या स्वरावर विसावते, एवढ्याकडेच एकदा लक्ष द्या. भूप आणि देशकार या दोहोंत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर आहेत. भूपाची वस्ती गंधारावर (ग), तर देशकाराची धैवतावर (ध) आणि उत्तरांगात, म्हणजे सप्तकाच्या वरच्या भागात. तानांच्या भरात भूपाचा देशकार होऊ लागला, तर न शिकलेल्या कानालाही काहीतरी बदलल्याचे जाणवते. तुलनेसाठी किशोरीताई आमोणकरांच्या भूपाची एलपी ऐकावी. त्यात ‘प्रथम सूर साधे’ या बंदिशीतून ‘सहेला रे’ या बंदिशीत शिरताना लय बदलते, पण गंधाराचे स्थान ढळत नाही. दरबारीसाठी अमीर खाँसाहेबांची एलपी घ्या, जिच्या एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी आहे.

काचेपलीकडे
मी ध्वनिमुद्रणाच्या कामात आहे, म्हणून बस आणि घर यांतील फरकाबद्दल लिहितो. बसच्या इंजिनाची घरघर खालच्या कंपनसंख्यांची असते आणि ती नेमका डग्ग्याचा घुमारा, मंद्र सप्तकातील स्वर आणि तानपुऱ्याचा खर्ज झाकून टाकते. आपल्यापर्यंत उरतो तो बहुतांशी गायिकेचा मधला-वरचा आवाज. आजकाल मुद्रणावर कॉम्प्रेसर बराच चालवतात, त्यामुळे हळू आणि मोठ्या आवाजातील अंतर कमी होते. गोंगाटात हे सोयीचे ठरते, कारण कुजबुजीसारखी लावलेली जागाही ऐकू येते. शांत खोलीत मात्र तीच गोष्ट कानाला विसावा देत नाही. आपले दोन्ही अनुभव खरे आहेत आणि दोहोंचे कारण एकच आहे, म्हणून परीक्षणात दोन्ही नोंदवावेत, असे मला मनापासून वाटते.

जुन्या मुद्रणाशी तुलना करण्यापूर्वी दोहोंचा आवाज कानाने समान करून घ्या. एक-दोन डेसिबलने मोठे असलेले मुद्रण कोणतेही विशेष कारण नसताना अधिक चांगले वाटते, आणि नवे मुद्रण जवळजवळ नेहमीच मोठे असते. मग गायिका जिथे थांबते तिथे ऐका. तानपुऱ्याची जवारी (तारांचा गुंजणारा नाद) तेवढ्यात वर येते का, की कृत्रिम घुमाऱ्याने ती जागा भरून टाकली आहे? दोन ओळींमध्ये श्वास ऐकू येतो का? सगळे श्वास कापलेले असतील, तर गाण्यातला माणूस थोडा दूर जातो.

ठेकाधारी
एक भर घालतो. विलंबित (संथ) एकतालाची, म्हणजे बारा मात्रांच्या तालाची, लय मिनिटाला बारा मात्रांची असेल, तर एक आवर्तन एका मिनिटाचे होते. म्हणजे आठ मिनिटांच्या मुद्रणात, द्रुत (जलद) बंदिशीसाठी तीन मिनिटे राखली, तर बड्या (संथ लयीतील) ख्यालाला पाचच आवर्तने मिळतात. हाताने ठेका धरून ती मोजा आणि प्रत्येक वेळी समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येताना वेगळी वाट घेतली आहे का, ते पाहा.

मांडवीकाठ, पणजी
वरील सल्ले मोलाचे आहेत, पण ते दुसऱ्या ऐकण्यासाठी राखून ठेवावेत अशी माझी विनंती आहे. पहिल्यांदा ऐकताना हातात वही नसावी, मात्राही मोजू नयेत. आवर्तन मोजणाऱ्याचे लक्ष समेकडे लागून राहते आणि तिच्याआधीचा लांबवलेला निषाद निसटून जातो. बसमध्ये जे भावले ते केवळ इंजिनाच्या आवाजामुळे भावले, असेही मी मानणार नाही.

सायंराग, नाशिक
सर्वांचे आभार. आवाज समान करून भूप पुन्हा ऐकला. भूप गंधारावर टिकून आहे आणि विलंबितातील पाचही आवर्तनांत समेकडे येण्याची वाट निराळी आहे. बसमध्ये जे आवडले होते ते बहुधा हेच. दरबारीत मात्र काहीतरी उणे वाटते. ‘दरबारीत भाव कमी पडतो’ असे लिहिले तर चालेल का?

मंद्रसप्तक
तसे लिहिल्यास वाचकाच्या हाती काहीच लागणार नाही, आणि त्या गायिकेच्याही नाही. कोमल गंधार पुन्हा ऐका. दरबारीत तो स्थिर नसतो, आंदोलन घेत, म्हणजे हळुवार झुलत, सावकाश ऋषभाकडे (रे) झुकतो. या मुद्रणात तो सरळ लागत असेल, तर कोणत्या ओळीत आणि साधारण कितव्या मिनिटाला, ते लिहा.

काचेपलीकडे
सहमत आहे, मात्र कारण सांगताना जपून लिहावे. स्वर दुरुस्त करणारे सॉफ्टवेअर आंदोलनाला चूक समजून सपाट करू शकते, पण गायिकेने तो स्वर तसाच लावलेला असण्याचीही शक्यता आहे, आणि तयार अल्बम ऐकून या दोहोंतील फरक खात्रीने सांगणे मलाही जमणार नाही. म्हणून ‘आंदोलन ऐकू येत नाही’ एवढेच लिहावे, दोष कोणावरही ठेवू नये.