मदत हवी आहे: बायोप्सीच्या रिपोर्टमधलं सीडी३, सीडी२० कसं वाचायचं?

नमस्कार मंडळी,

आईच्या काखेतली गाठ काढून तपासायला दिली होती. पहिल्या रिपोर्टात नुसतं 'लिम्फोमाची शक्यता, आयएचसी करावी' एवढंच होतं (लिम्फोमा म्हणजे लसिका पेशींचा कॅन्सर, आयएचसी म्हणजे प्रतिपिंडं वापरून पेशी ओळखायची तपासणी). आता आयएचसीचा रिपोर्ट आलाय: मोठ्या पेशी सीडी२० पॉझिटिव्ह, आजूबाजूच्या लहान पेशी सीडी३ पॉझिटिव्ह, केआय-६७ ७० टक्के. निदान डिफ्यूज लार्ज बी सेल लिम्फोमा. डॉक्टर सोमवारी भेटणार आहेत, पण तोवर जिवाला चैन नाही. सीडी३ही पॉझिटिव्ह म्हणजे दोन प्रकारचे कॅन्सर आहेत का? आणि हे पहिल्याच वेळी का नाही कळलं? जाणकारांनी कृपया सांगावं.

---

प्रतिसाद:

ताई, मी पॅथॉलॉजीतच काम करतो. आधी मोठी शंका: नाही, दोन कॅन्सर नाहीत. काखेतल्या लसिका गाठीत टी पेशी (बी पेशींसारख्याच रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी) मुळातच असतात, आणि सीडी३ हे त्यांच्यावरचं प्रथिन. तुमच्या रिपोर्टात त्या लहान आणि आजूबाजूला आहेत, म्हणजे बहुधा आईच्या स्वतःच्या निरोगी पेशी. आजार आहे तो मोठ्या पेशींत, आणि सीडी२० ही बी पेशींची खूण.

पहिल्या वेळी का कळलं नाही, तर नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात काही पेशी सहज ओळखू येतात. न्यूट्रोफिलचं केंद्रक तुकड्या-तुकड्यांचं, इओसिनोफिलमध्ये लालसर दाणे, प्लाझ्मा पेशीचं केंद्रक एका कडेला सरकलेलं. पण लहान बी आणि टी पेशी शेजारी ठेवल्या तरी सारख्याच दिसतात: गोल, गडद केंद्रक आणि भोवती पेशीद्रवाची जेमतेम कड. मोठ्या, बिघडलेल्या पेशींचं मूळही नुसत्या नजरेनं खात्रीनं सांगता येत नाही. म्हणून त्याच ब्लॉकचे (मेणात बसवलेल्या गाठीच्या तुकड्याचे) पातळ काप घेऊन प्रत्येकावर वेगळं प्रतिपिंड टाकतात. ते ज्या पेशीला चिकटतं, तिथे तपकिरी रंग उमटतो. पहिल्या डॉक्टरांनी घाईनं नाव न देता ही तपासणी सुचवली, ते योग्यच केलं.

केआय-६७ म्हणजे किती पेशी वाढीच्या चक्रात आहेत ते. या लिम्फोमात ७० हा आकडा नेहमी दिसतो, त्यानं खचू नका. सीडी२० पॉझिटिव्ह असणं उपचाराच्या दृष्टीनं कामाचं आहे, कारण रिटुक्सिमॅब हे औषध याच प्रथिनाला धरतं.

सोमवारी एवढं नक्की विचारा: सीडी१०, बीसीएल६, मम१ (या लिम्फोमाचा उपप्रकार ठरवायला बघतात ती प्रथिनं) झालंय का, आणि मिक व बीसीएल२ या जनुकांतले बदल शोधणारी फिश तपासणी लागेल का. दुसरं मत घ्यायचं असेल तर लॅबमधून पॅराफिन ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. नुसत्या रिपोर्टच्या झेरॉक्सवर कुणी नीट मत देऊ शकत नाही.