शहरात खायला चांगलं मिळतं की नाही, हे ठरवायचं कसं? (संदर्भ : नाशिक)

अंबडचा_पाहुणा

कंपनीने पुण्याहून अंबडच्या प्लांटला पाठवलं. सध्या बिऱ्हाड पाथर्डी फाट्याला. परवा जेवणाच्या सुट्टीत वाद पेटला. मी एवढंच म्हणालो की मिसळ इथली जबरदस्त, पण रात्री घरच्यांना घेऊन नीट जेवायला जायचं तर कुठे जायचं? टेबलावरचे सगळे नाशिककर अंगावरच आले. एकाने सुला वाइनरी काढली, दुसऱ्याने गंगापूर रोडची गार्डन हॉटेलं बोटांवर मोजली, तिसरा म्हणाला, पुणेकरांनी आधी पाहुण्याला चहा विचारायला शिकावं, मग दुसऱ्याच्या गावाला नावं ठेवावीत.

ते असो. प्रश्न डोक्यातून जात नाही. एखाद्या शहरातल्या हॉटेलांची पत मोजायची कशाने? सगळ्यात भारी हॉटेल किती भारी, यावर? जपानी, थाई, इटालियन सगळं मिळतं का, यावर? ॲपवरच्या ताऱ्यांचा तर उपयोग शून्य. इथे उडप्यापासून ढाब्यापर्यंत सगळेच चाराच्या वर.

हॉटेलांची यादी देऊ नका, ती ढिगाने सापडते. निकष सांगा.

जुने_नाशिक

पाहुणे, नाशकाला हॉटेलांच्या खात्यात मोजायला निघालात तिथेच घोळ झाला. बुधा हलवाईची जिलबी, कोंडाजीचा चिवडा, मेनरोडला सायंताराचा साबुदाणा वडा, हातगाडीवरचा पाववडा. यातल्या बहुतेकांना टेबल लागत नाही, मेनूकार्ड लागत नाही, शेवटी बडीशेपेची वाटीही लागत नाही. संध्याकाळी भेळभत्त्याचा पुडा घ्या, गोदाघाटावर बसा आणि मग सांगा शहर कसं आहे ते.

बाकी चहाचं बरोबर बोलला तुमचा तिसरा.

पनीरवाला

मी हॉटेलांना पनीर, दही, बटर पुरवतो. सातपूर, कॉलेज रोड, द्वारका, पंचवटी अशी रोजची फिरती. हॉटेलात पुढच्या दाराने माझं जाणं क्वचितच, कारभार सगळा मागच्या दाराने. तिथून जे दिसतं ते सांगतो.

सगळ्यात भारी हॉटेल बघून काहीही कळत नाही. पैसा ओतला आणि मुंबईहून शेफ आणला की तसं एखादं कुठेही उभं राहतं. बघायची ती मधली फळी. नाव ऐकलेलं नाही, रील पाहिलेली नाही, पोटात कावळे ओरडताहेत म्हणून समोर दिसलं त्यात शिरलात, तर धड जेवण मिळतं का? ज्या शहरात बहुतेक वेळा मिळतं, ते शहर खाण्यात चांगलं.

आता ही मधली फळी चांगली कधी राहते? गिऱ्हाईक परत येणारं असेल तेव्हाच. नाशकात याची गंमत रस्त्यागणिक दिसते. पंचवटीत रामकुंडावरचे विधी उरकून, काळारामाचं दर्शन घेऊन लगोलग शिर्डीची गाडी पकडणारा माणूस पुन्हा कधी येईल ते रामच जाणे. त्याला भाजी कशी लागली याने मालकाचं काडीचं नुकसान होत नाही. मुंबई-आग्रा हायवेला तेच. तिथेही जीव लावून करणारे आहेत, नाही असं नाही, पण तो त्यांचा स्वभाव. धंदा त्यांना तसं करायला भाग पाडत नाही.

याउलट तुमच्या अंबड-सातपूरच्या खाणावळी. फिटर, वेल्डर, सुपरवायझर रोज तिथेच जेवतात. आज डाळीत पाणी जास्त पडलं की उद्या अख्खी शिफ्ट शेजारच्या दारात उभी. त्यामुळे फॅन कुरकुरत असेल, टेबलावरचा सनमायका उखडलेला असेल, पण चपाती गरम आणि कालची भाजी आज नाही. ज्यांना आपण हॉटेल म्हणायलाही तयार नसतो, त्या जागांवर शहराचा सगळ्यात कडक परीक्षक बसलेला असतो.

गंगापूर रोडचं वेगळंच. शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्यांची रांग, त्यामुळे किचनला श्वास घ्यायला वेळ नाही. त्या दोन दिवसांवरून मत बनवू नका. आणि सोमवार-मंगळवारचा माल कसा फिरतो तेही लक्षात घ्या. आपल्याकडे सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार यातला एखादा तरी वार घरोघरी पाळला जातोच. मटण-चिकन उठतं ते बुधवार, शुक्रवार, रविवारी. मंगळवारी कुठे मटण मागवलंत तर ते कधीचं आहे, हा प्रश्न तुमचा तुम्हीच स्वतःला विचारा. श्रावणात तर माझ्या पनीरची मागणी एकदम चढते आणि कोणाला भाज्या करता येतात, कोण फक्त मसाल्यावर तरतो, ते त्या महिन्यात उघडं पडतं.

मेनूकार्डाबद्दल. पनीरच्याच पंधरा-वीस भाज्या लिहिलेल्या असतात. मागे पातेली तीन. कांदा-टोमॅटोची लाल, काजू-मगजाची पांढरी आणि एक पिवळी नाहीतर मखनी. मास्टर याच्यातून दोन डाव, त्याच्यातून एक डाव घेतो, वर क्रीम नाहीतर तिखट मारतो आणि नाव बदलतं. यात फसवणूक नाही, गर्दीला जेवू घालायचं तर असंच करावं लागतं. पण जिथे कार्ड छोटं, तिथे पातेली ताजी असण्याची शक्यता जास्त. मी स्वतः नव्या जागी गेलो तर डाळ तडका, साधा भात आणि तंदुरी रोटी मागवतो. डाळीला ग्रेव्हीमागे लपता येत नाही. जिऱ्याची फोडणी वरून ओतलीय की सकाळीच देऊन ठेवलीय, ते ताट समोर येण्याआधी नाकाला कळतं.

पनीरचं विचारणार तुम्ही, म्हणून आधीच सांगतो. आयोडीनचा थेंब टाका, निळं झालं की नकली, असा व्हिडिओ फिरतो. त्याने फक्त स्टार्च कळतो. पामतेल आणि दूध पावडरचं ॲनालॉग, म्हणजे पनीरसारखं दिसणारं दुसरंच काहीतरी, ही परीक्षा आरामात पास होतं. ॲनालॉग विकणं बेकायदा नाही, ते पनीर म्हणून खपवणं बेकायदा आहे. खाणाऱ्याने एवढंच करावं : ग्रेव्ही पुसून तुकडा नुसता खावा. दुधाचं पनीर दाबलं की दाणेदार फुटतं, तोंडात दुधाची चव येते. दुसरं चघळत बसावं लागतं आणि टाळूला तेलाचा थर राहतो. आमच्या धंद्यात दोन्हीच्या भावात इतका फरक आहे की 'कोण काय घेतं' ही यादी वाचली तर अर्ध्या शहराचे तारे-बिरे उतरतील.

शेवटचं, कांदा. लासलगावची बाजार समिती आपल्याच जिल्ह्यात. तरी भाव चढला की सगळ्यात आधी ताटातला कांदा गायब होऊन कोबी आणि मुळा येतो. त्या दिवसांतही जो मालक दोन चकत्या आणि लिंबू ठेवतो, त्याच्याकडे बाकीचंही बघायला लागत नाही.

नागलीची_भाकर

पनीरवाले दादा, मागच्या दाराचं सगळं पटलं. पुढच्या दाराबद्दल मी दोन शब्द बोलते, कारण तुम्ही म्हणता त्या खाणावळीत रात्री साडेआठला मी एकटी जाऊन बसू शकत नाही.

मी कॉलेजात शिकवते, मुलाखती-परीक्षांच्या कामाने गावोगाव जाते. माझी मोजपट्टी सरळ आहे. एकट्या बाईला वेटर दारातच "मॅडम, फॅमिली वरती आहे" म्हणतो का? वरती म्हणजे सहसा पंखा नसलेला, पडदे लावलेला पोटमाळा असतो. परमिट रूम आणि जेवणाची जागा यांच्यात भिंत आहे की नुसता काचेचा दरवाजा? आणि स्वच्छतागृह. कड्या लागतात का, पाणी आहे का, की कांद्याची पोती तिथेच रचलेली आहेत? (पाहिली आहेत. कुठे ते सांगत नाही.) अर्धं शहर जिथे निवांत बसू शकत नाही, तिथली डाळ कितीही ताजी असली तरी मी त्या शहराला पूर्ण मार्क देत नाही. यात नाशिक बऱ्यापैकी पुढे आहे. कॉलेज रोडवर मुली रात्री बिनधास्त खाताना दिसतात. सिडकोत आणि द्वारकेकडे तसं म्हणवत नाही.

दुसरं असं की आसपासच्या रानात, शेतात जे पिकतं ते शहराच्या ताटात किती येतं? पेठ, सुरगाणा, त्र्यंबक या पट्ट्यात नागली (म्हणजे नाचणी), वरई, खुरासणी (कारळं). पावसाळ्यात करटोली, शेवळं, टाकळा. माझं माहेर पेठकडचं. नागलीची गरम भाकरी, वर खुरासणीची चटणी, सोबत उडदाचं भुजं. हे ताट नाशकात शोधून दमाल. ऑगस्टमध्ये कृषी खात्याचा रानभाजी महोत्सव असतो, तेवढ्यापुरतं कौतुक. 2023 हे भरडधान्य वर्ष झालं तेव्हा नागलीचा पिझ्झा मिळायला लागला, भाकरी नाहीच. खानदेशी शेवभाजी आणि भरीत मात्र शहराने मनापासून घेतलं, कारण ती माणसं इथे येऊन राहिली आणि त्यांनी स्वतः हॉटेलं टाकली. आमच्या बायका येतात त्या भाजीची पाटी घेऊन, दुपारच्या गाडीने परत.

जुने_नाशिक

ताई, उडदाच्या भुज्यासाठी मी पेठपर्यंत यायला तयार आहे. साबुदाणा वडा माझ्याकडून.

अंबडचा_पाहुणा

एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. ताईंच्या मुद्द्यावर बायकोने मान डोलावली. ती म्हणाली, पुण्यातही पोटमाळे आहेतच, तुला कधी दिसले नाहीत इतकंच.

काल पनीरवाल्यांचं ऐकून ऑफिसजवळच्या एका चकचकीत ठिकाणी डाळ तडका मागवला. वेटर दोनदा विचारून गेला, "साहेब, स्टार्टरमध्ये काही?" डाळ आली, वर तेलाचा तवंग, खाली हरभऱ्याची डाळ कच्ची. ताटात कोबी. ॲपवर चार पूर्णांक चार. शेजारच्या टेबलावर आमचाच वादातला दुसरा, गार्डन हॉटेलवाला, कढई पनीर घेऊन बसला होता. त्याला ग्रेव्ही पुसून खायला सांगितलं. अजून बोलत नाहीये.

पनीरवाले, अंबड बाजूची दोन-तीन धड नावं द्या की राव.

पनीरवाला

नावं इथे लिहीत नाही. चांगली लिहिली तर जाहिरात म्हणाल आणि वाईट लिहायची सोय नाही, निम्म्यांकडे माझी उधारी अडकलीय. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघा. त्यातली पहिली खाणावळ रविवारी बंद असते आणि नऊनंतर भात संपतो.