मदत हवी आहे: एए मीटिंगच्या दारातून परत आलो. शिफ्ट ड्यूटी सांभाळून कसं जायचं?

नमस्कार. वय ४२, चिंचवडला कंपनीत मशिन ऑपरेटर. एए म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट. दारू बंद होऊन आज २३ दिवस झाले. सकाळचा चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागायचा, तेव्हा डॉक्टरांनी दाखल करून घेतलं. सुट्टी देताना म्हणाले, "आता मीटिंग धर, नाहीतर परत इथंच येशील."

मागच्या बुधवारी गेलो. महापालिकेची शाळा, पहिल्या मजल्यावर चौथीचा वर्ग. दाराबाहेर चपलांची रांग आणि त्यात सेफ्टी शूजचा एक जोड, आमच्या कंपनीत मिळतो तसलाच. तो बघितला आणि पाय तिथंच थांबले. आत कुणीतरी सांगत होतं, "पोरीच्या फीचे पैसे मी गुत्त्यावर दिले." बाकी सगळे गप्प ऐकत होते. पाच मिनिटं उभा राहिलो आणि जिना उतरलो. घरी सांगितलं, मीटिंग चांगली झाली. बायकोनं काही न विचारता ताट वाढलं. पीत होतो तेव्हा जसं सहज खोटं निघायचं तसंच हे निघालं, त्याची मला जास्त भीती वाटतेय.

कंपनीतला कुणी ओळखीचा निघाला तर काय करायचं? दर आठवड्याला शिफ्ट बदलते, मग एकच ग्रुप कसा धरायचा? मी देवाचं फारसं करत नाही, तिथं प्रार्थना असते म्हणे. आणि मेव्हण्यानं एक पावडर आणून दिलीय, माझ्या नकळत जेवणात घालायची म्हणून. बायकोनं ती मला दाखवली. काय करावं?

आजचा_दिवस:
दादा, आधी पावडर. ती आजच डॉक्टरांना नेऊन दाखवा, जेवणात अजिबात नको. अशा पुड्यांत काय असतं ते कळायला मार्ग नसतो. डायसल्फिराम (दारू सुटावी म्हणून देतात ते औषध) असेल आणि वर दारू पोटात गेली तर उलट्या, छातीत धडधड, बीपी एकदम खाली, जिवावरही बेततं. ते औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पेशंटला सगळं सांगून, त्याच्या संमतीनंच देतात. वहिनींनी लपवलं नाही, फार चांगलं केलं.

मला अकरा वर्षं झाली. पहिल्या वेळी मीही समोरच्या टपरीवर चहा पिऊन परत आलो होतो. सेफ्टी शूजवाला तिथं कशासाठी बसलाय याचा विचार करा. त्यालाही तुमच्यासारखीच भीती आहे. ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही हे आम्ही जिवापाड पाळतो. तरी धीर होत नसेल तर सुरुवातीला दुसऱ्या भागातल्या ग्रुपला जा, भोसरी नाहीतर पुण्यात. बाहेरच्यांनाही यायला चालतं ती ओपन मीटिंग. क्लोज्ड मीटिंगला फक्त दारूचा त्रास असलेलेच बसतात.

शिफ्टचं म्हणाल तर एकाच ग्रुपला बांधून घ्यायची सक्ती नाही. सकाळच्या, रविवारच्या, ऑनलाइन, सगळ्या मीटिंगा चालतात. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळची धरा, सेकंडच्या आठवड्यात सकाळची. जो ग्रुप आवडेल त्यातल्या दोघातिघांचे फोन नंबर घेऊन ठेवा. नाइटहून सुटल्यावर दुकानासमोर पाय घुटमळतो ना, त्या दहा मिनिटांत ते नंबर कामी येतात.

फी नाही, नाव नोंदवणं नाही. सभासद व्हायला दारू सोडायची इच्छा एवढीच अट. शेवटी थैली फिरते, नव्या माणसानं काही टाकलं नाही तरी चालतं. बोलायची वेळ आली तर "आज फक्त ऐकतो" म्हणा, कुणी आग्रह करत नाही. देवाचं म्हणाल, तर एएच्या बारा पायऱ्यांतला (दारूतून सावरायच्या टप्प्यांतला) देव ज्याला जसा उमजेल तसा घ्यायचा आहे. आमच्यातले कितीतरी जण ग्रुपलाच आपल्याहून मोठी शक्ती मानतात. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रनला एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघंही दारुडे, एकमेकांसमोर बसून बोलले, तिथून हे सुरू झालं.

निशिगंध:
वहिनींसाठी लिहिते. घरच्यांच्या मीटिंगा वेगळ्या असतात, अल-अनॉन म्हणतात. पुण्यात मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रातही पत्नींसाठी सहचरी गट आहे. माझा नवरा पीत होता तेव्हा मी खिसे तपासायचे, बाटल्या मोजायचे. थांबला तरी दोन वर्षं त्याच्या श्वासाचा वास घेत होते. ते तिथं जाऊन सुटलं. आणि दादा, बुधवारचं खोटं तिला आजच सांगून टाका. तिला बहुतेक माहीत आहे. रात्री फार ओढ लागली आणि कुणाचाच फोन लागला नाही, तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे.

मूळ धागाकर्ता:
दोघांचे आभार. रविवारी रात्री तिला सांगितलं. ती म्हणाली, "तुमचे बूट तेव्हाच परत आले होते, मीटिंग एवढ्या लवकर सुटते का?" पावडर डॉक्टरांकडे नेऊन दिली.

काल गेलो. बाक लहान मुलांचे, गुडघे वर येतात. फळ्यावर पावकीचा पाढा तसाच होता. सेफ्टी शूजवाले काका आमच्या कंपनीतलेच, दुसऱ्या शॉपमधले. मला बघून त्यांनी बाकावर सरकून जागा केली, एवढंच. मी बोललो नाही. निघताना त्यांनी नंबर लिहून दिला.

पुढच्या आठवड्यात सेकंड शिफ्ट आहे. चिंचवड-आकुर्डीकडे सकाळी भरणारी मीटिंग कुणाला माहीत असेल तर इथं सांगा.