आरडी ३५० जाम आहे: नुसता बोअर करून भागेल, की क्रँक उघडावाच लागेल?

कळवा_खाडीकाठ
मंडळी, राजदूत ३५०, म्हणजे यामाहा आरडी ३५० चं भारतीय रूप, लो टॉर्क (कमी ताकदीचं) मॉडेल. बरीच वर्षं कळव्यात ताडपत्रीखाली उभी होती. किक खाली जात नाही, गिअरमध्ये टाकून मागचं चाक ढकललं तरी हलत नाही. हेड काढलंय. डावा पिस्टन तळाला आहे आणि त्याच्यावरच्या बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) चांगलाच गंज धरलाय. उजवा पिस्टन वर आहे, तो बोअर साफ दिसतो. गॅरेजवाल्यांचं म्हणणं, डिझेल टाकून मोकळं करू, दोन्ही ब्लॉक बोअर करू (आतून कापून थोडे मोठे करू), पिस्टन-रिंग नवीन घालू, क्रँकला (पिस्टनखालच्या फिरणाऱ्या दांड्याला) हात लावायची गरज नाही. तसं केलं तर खर्च निम्म्यावर येतो. हे कितपत बरोबर आहे? इंजिन मुळातलंच ठेवायचं आहे.

रबाळे_लेथ
दादा, क्रँक उघडावाच लागेल.

आधी उजव्या बोअरचं. आरडीचा क्रँक १८० अंशांचा, म्हणजे एक पिस्टन वर तर दुसरा खाली. डावा तळाला थांबला म्हणून त्याचा एक्झॉस्ट पोर्ट उघडा राहिला आणि सायलेन्सरमधून वर्षानुवर्षं दमट हवा आत गेली. उजवा साफ वाटतो कारण पिस्टन वर आहे, तुम्हाला बोअरची वरची कडच दिसतेय. खरा बोअर पिस्टनच्या खाली आहे. ब्लॉक निघाल्याशिवाय त्याला साफ म्हणू नका.

आता क्रँक. फोर-स्ट्रोकच्या पोटात तेल साठलेलं असतं. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये पेट्रोलसोबत आलेल्या तेलाचा पातळ थर असतो, तेवढाच. गाडी उभी राहिली की तो ओघळून तळाला जातो आणि बिग एंडचे (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचे) रोलर, मेन बेअरिंगचे बॉल उघडे पडतात. त्यांच्यावर गंजाचे बारीक खड्डे पडतात, ते डिझेलने जात नाहीत. इंजिन मोकळं होईल, सुरूही होईल. मग एके दिवशी बेअरिंगचा केज तुटेल आणि तुकडे ट्रान्सफर पोर्टमधून (क्रँककेसमधून सिलिंडरकडे जाणाऱ्या वाटेने) वर चढून नव्या पिस्टनचं वाटोळं करतील. आज निम्मा वाचलेला खर्च तेव्हा दुप्पट होऊन येतो.

ब्लॉक काढताना फिन्सवर हातोडी अजिबात नको, फिन तुटली की तशी पुन्हा मिळत नाही. निम्मं डिझेल, निम्मं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) ओतून चार-पाच दिवस ठेवा, हॉट एअर गनने ब्लॉक बाहेरून गरम करा आणि नायलॉनच्या हातोडीने पोर्टच्या जाड भागावर हलके ठोके द्या. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, लायनर बिडाचा, त्यामुळे उष्णतेने पकड सुटायला मदत होते. किकवर उभं राहून जोर लावू नका, किकचे दात जातील.

क्रँक प्रेस-फिट आहे. दोन रॉड किट, चार मेन बेअरिंग, दोन टोकांचे ऑइल सील बदलायचे. मधला लॅबिरिन्थ सील (दोन सिलिंडरांच्या क्रँककेस वेगळ्या ठेवणारा) क्रँक प्रेसवर सुटा केल्याशिवाय निघतच नाही, म्हणून तो याच वेळी तपासून घ्या. तो झिजला तर एका सिलिंडरचा दाब दुसऱ्यात जातो आणि कार्ब्युरेटर कितीही ट्यून करा, आयडलिंग जुळत नाही. जोडून झाल्यावर व्ही-ब्लॉकवर डायल लावून रनआउट (फिरताना क्रँकची डगमग) ०.०३ मिमीच्या आत हवा. हे तुमच्या डोळ्यांसमोर मोजायला लावा. वागळे इस्टेट किंवा रबाळे एमआयडीसीत प्रेस अनेकांकडे असते, पण क्रँक सेंटरमध्ये आणणारा हात वेगळा लागतो. डायल गेज न काढता ‘झाला सरळ’ म्हणणाऱ्याकडे क्रँक देऊ नका.

नौपाडा_टूस्ट्रोक
वरचं सगळं पटलं. बोअरबद्दल थोडं.

स्टँडर्ड बोअर ६४ मिमी, ओव्हरसाइज ०.२५ च्या पायरीने. आधी पिस्टन हातात घ्या, मग बोअर करा. उलटं केलं की फसता. पिस्टन स्कर्टच्या तळापासून १० मिमी वर, गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) काटकोनात मोजायचा. क्लिअरन्स पिस्टन बनवणाऱ्याने दिलेलाच धरा, साधारण ०.०५ मिमीच्या आसपास असतो. गंज खोल असेल तर ०.२५ मध्ये निघणार नाही, सरळ ०.५० वर जा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पोर्टच्या कडांचा. फोर-स्ट्रोकचे ब्लॉक करणारे होनिंग करून (बोअर बारीक घासून) ब्लॉक हातात देतात. आरडीच्या बोअरला खिडक्या (पोर्ट) आहेत आणि बोअरनंतर त्यांच्या कडा ब्लेडसारख्या होतात. प्रत्येक पोर्टच्या वरच्या-खालच्या कडेला बारीक चॅम्फर मारून (कड तिरकी घासून) घ्या, नाहीतर रिंग अडकून तुटते. बोट फिरवल्यावर कड टोचता कामा नये. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, रिंगची तोंडं खाचेतल्या पिनवर बसलेली, सर्कलिप नवीनच.

कळवा_खाडीकाठ
क्रँक करायचं ठरलं. क्रँककेस जोडताना गॅस्केट कुठला? आणि सुरू करण्याआधी काय तपासायचं?

रबाळे_लेथ
गॅस्केट नसतोच, केस आडवी उघडते आणि लिक्विड गॅस्केटवर बसते. पेट्रोलला टिकणाराच घ्या, साधा सिलिकॉन पेट्रोलने फुगून सुटतो. बेअरिंगच्या पिना आपापल्या खाचेत बसल्यात का ते केस बंद करण्याआधी बघा. केस ब्लास्टिंगला द्याल तर इंजिन नंबरवर जाड टेप लावा. नंबर पुसट झाला की आरटीओत पुनर्नोंदणीच्या वेळी डोकेदुखी होते.

सुरू करण्याआधी प्रेशर टेस्ट. इनटेक आणि एक्झॉस्ट रबरी बुचाने बंद करा, ६ पीएसआय हवा भरा, सहा मिनिटं काटा बघा. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतरला तर साबणाचं पाणी लावून गळती शोधा. डावीकडचा, अल्टरनेटरच्या बाजूचा सील गळला तर हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त) आणि पिस्टन पकडतो. उजवा गळला तर गिअरबॉक्सचं तेल ओढून पांढरा धूर येतो आणि तेल कमी होत जातं. हवा गळत असताना जेटिंगला (कार्ब्युरेटरचे जेट बदलण्याला) हात लावण्यात अर्थ नाही.

ऐरोली_पॉइंट
इग्निशनचं राहिलं. ठिणगी कधी पडायची ते ठरवणारे दोन पॉइंट सेट आहेत, दोन्ही स्वतंत्र लावायचे. आधी गॅप ०.३५ मिमी, मग टाइमिंग, कारण गॅप बदलला की टाइमिंग सरकतं. प्लगच्या भोकात डायल गेज लावून टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेच्या) २.० मिमी आधी पॉइंट उघडले पाहिजेत. कानाने लावलेलं टाइमिंग या इंजिनाला चालत नाही.

ऑटोल्यूब पंपाची (सिलिंडरला तेल पुरवणाऱ्या पंपाची) हवा काढा. दोन्ही सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्यांत बुडबुडा राहता कामा नये. चेक व्हॉल्व्हमध्ये जुनं तेल गोंदासारखं चिकटलं असेल तर एकच सिलिंडर कोरडा राहतो, म्हणून ते उघडून धुवा. पहिल्या टाकीला पंप चालू ठेवूनच लिटरला ४० मिली टू-टी (टू-स्ट्रोक) तेल मिसळा.

आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर मेन जेट मूळ आकड्यापेक्षा एक पायरी मोठा घालून सुरुवात करा, मिश्रण पातळ होतं ते त्याने सावरतं. मग फुल थ्रॉटलवर इंजिन बंद करून प्लग काढा. पोर्सिलिन पांढरं दिसलं तर अजून एक पायरी मोठा, काळपट ओलं असेल तर परत खाली. आठवडाभर गाडी उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटरचा फ्लोट बाउल रिकामा करा. हे पेट्रोल पावसाळ्यात पाणी ओढतं आणि बाउलच्या तळाला पांढरी पूड धरते, तीच आधी पायलट जेटमध्ये जाऊन बसते.