शब्दचर्चा: चिनी ‘शुजी’ म्हणजे सचिव की चिटणीस?

प्रश्न: शी जिनपिंग यांच्या प्रांतांतल्या कारकिर्दीवर एक लेख मराठीत आणते आहे. एका वाक्याशी अडले. ‘ऑक्टोबर २००२ मध्ये ते झेजियांगचे हंगामी राज्यपाल झाले आणि नोव्हेंबरमध्ये त्याच प्रांताचे पक्षसचिव.’ मसुदा वाचून बहिणीने लगेच विचारलं, “महिन्याभरातच खाली का आणलं त्यांना?” खरं तर ती बढती होती. मराठी वाक्य वाचणाऱ्याला उलटंच कळत असेल, तर दोष शब्दांचा आहे. काय वापरावं?

प्रतिसाद: आधी ‘राज्यपाल’ काढा. आपल्याकडे राज्यपाल राष्ट्रपती नेमतात आणि कारभार मुख्यमंत्री हाकतात. चीनमधला ‘शंगचांग’ प्रांताचं सरकार स्वतः चालवतो. शंग म्हणजे प्रांत, चांग म्हणजे प्रमुख. कामाने तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा, पण प्रांतातला पहिला माणूस तो नव्हे. पहिला माणूस कम्युनिस्ट पक्षाच्या प्रांतिक समितीचा ‘शुजी’. शंगचांग बहुधा त्याच समितीत शुजीच्या हाताखाली उपपदावर असतो. म्हणून मी ‘शासनप्रमुख’ लिहितो. नुसतं ‘प्रांतप्रमुख’ लिहिलं, तर पहिल्या क्रमांकाचा मान चुकीच्या माणसाला जातो.

‘हंगामी’ मात्र ठेवा, तो शब्द नेमका आहे. प्रांताच्या लोकप्रतिनिधी सभेने रीतसर निवडेपर्यंत शंगचांग हंगामी असतो. फुजियानमध्येही शी १९९९ साली आधी हंगामी होते, २००० साली निवडून पक्के झाले. ‘काळजीवाहू’ लिहू नका, ते जाणाऱ्या सरकारचं विशेषण.

आता ‘शुजी’. शु म्हणजे लिहिणं, जी म्हणजे नोंदवणं. शब्द मुळात लेखनिकाचा. १९२१ साली पक्ष स्थापन झाला, तेव्हा त्याचे पहिले प्रमुख चेन तूश्यू यांच्या पदालाही हेच नाव होतं. आपला ‘चिटणीस’ याच वाटेने आलेला आहे: चिठ्ठी लिहिणारा तो चिठ्ठीनवीस, त्याचा झाला चिटणीस. दोन्ही भाषांत कागद लिहिणाऱ्याच्या नावाने अधिकाराचं पद उभं राहिलं. असा जोड सहसा मिळत नाही, तो दवडू नये असं मला मनापासून वाटतं.

‘सचिव’ नको, याचं कारण शी यांच्याच कारकिर्दीत आहे. १९७९ ते १९८२ ते बीजिंगमधले ज्येष्ठ नेते गेंग बियाओ यांचे ‘मिशू’ होते. मिशू म्हणजे आपल्या मंत्रालयातला स्वीय सचिव, साहेबांचे कागद आणि भेटी सांभाळणारा. १९८२ मध्ये ते हेबेई प्रांतातल्या झेंगडिंगला पक्षाचे उप-शुजी म्हणून गेले आणि पुढच्या वर्षी शुजी झाले. इंग्रजीत मिशूही सेक्रेटरी आणि शुजीही सेक्रेटरी. मराठीत दोन्हीकडे ‘सचिव’ लिहिलं, तर माणूस जागचा हललाच नाही असं दिसेल. प्रत्यक्षात त्यांनी बीजिंगमधल्या कचेरीतली जागा सोडून गावाखेड्यांचा कारभार अंगावर घेतला होता.

प्रतिसाद: विचार पटतो, तरी एक अडचण. आपल्या पक्षांत चिटणीस डझनाने असतात. प्रदेश कार्यकारिणीच्या यादीत उपाध्यक्षांच्याही खाली ही नावं येतात. झेजियांगसारख्या प्रांताचा सर्वेसर्वा ‘चिटणीस’ म्हटल्यावर वजन राहत नाही. ‘पक्षप्रमुख’ का नको?

प्रतिसाद: ‘पक्षप्रमुख’ म्हटलं की मराठी वाचकाला अख्ख्या पक्षाचा धनी आठवतो. शिवाय त्याने शिडी तुटते. चिनीत तालुक्यापासून देशापर्यंत शब्द एकच: खाली शुजी, सर्वांत वर ‘झोंगशुजी’. शी निंगदेचे शुजी, फुझोऊचे शुजी, झेजियांगचे शुजी, मार्च २००७ मध्ये शांघायचे शुजी आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये झोंगशुजी. या शेवटच्या पदाला मराठी वर्तमानपत्रं कम्युनिस्ट पक्षांच्या बाबतीत वर्षानुवर्षं ‘सरचिटणीस’च लिहीत आली आहेत. वरची पायरी सरचिटणीस असेल, तर खालच्या साऱ्या चिटणीसच व्हायला हव्यात. वजनासाठी पहिल्या उल्लेखात अर्धं वाक्य जोडा.

प्रश्नकर्ती: आभार. वाक्य असं केलं: ‘ऑक्टोबर २००२ मध्ये ते झेजियांगचे हंगामी शासनप्रमुख झाले आणि नोव्हेंबरमध्ये बढती मिळून प्रांताचे पक्षचिटणीस, म्हणजे तिथले पहिल्या क्रमांकाचे नेते.’ बहिणीला परत वाचून दाखवलं, या वेळी तिने काही विचारलं नाही.

‘प्रांत’ शब्दावर मात्र वडील अडले. त्यांची नोकरी महसूल खात्यात गेली. त्यांच्या लेखी प्रांत म्हणजे उपविभागीय अधिकारी, ‘प्रांतसाहेब दौऱ्यावर आहेत’ मधले. तरी ‘राज्य’ लिहिणार नाही. आपल्या राज्यांना राज्यघटनेने स्वतःचे अधिकार दिलेत, चीनच्या प्रांतांना असलेले अधिकार बीजिंगकडून येतात.

आता राहिला झेंगडिंगचा ‘श्येन’. चीनमध्ये प्रांताखाली बहुधा एक मधला स्तर आणि त्याखाली श्येन, म्हणून वर तुम्ही लिहिलेला ‘तालुका’ मला जवळचा वाटतो. पण बहुतेक ठिकाणी ‘जिल्हा’ छापलेलं दिसतं. मग मधल्या स्तरावरच्या निंगदेला काय म्हणायचं?